घाबर, पण ओके दाबू नकोस

टेस्टकाकूंनी मला वाचवलं. काय झालं होतं ते पुढं सांगतेच, पण नाव आधी घेते. अडल्या वेळी ज्याचा हात लागला त्याचं नाव आधी घ्यायचं आणि गोष्ट मागाहून सांगायची, अशी आमच्या घरात रीत आहे. त्या नसत्या तर आज मी इथं गुजरातेत, एका रस्त्याच्या कामावर, ड्रॉइंगच्या टेबलापाशी बसलेली नसते.

काकूंची पहिली खूण म्हणजे त्यांचा फोन. फोन वाजला की त्या ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘टेस्ट!’ म्हणत. तेही असं खणखणीत, की पहिल्यांदा फोन करणारा माणूस घाबरून ठेवूनच द्यायचा. टेलिफोन एक्सचेंजच्या टेस्ट रूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली होती. कुणाचा फोन बंद पडला की तक्रार त्यांच्या टेबलावर यायची, आणि त्या जागेवरून न हलता सांगायच्या, की तार खांबापाशी तुटली आहे, का घराच्या आत, का जमिनीखाली पाणी शिरलंय. लाइनमन त्यांनी सांगितलेल्या जागी जाऊन खणायचा आणि दोष तिथंच सापडायचा. खांब त्यांनी कधी पाहिलेला नसे. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, घरातला तारेचा फोन गेला, मोबाइल आला, पण ‘टेस्ट’ काही सुटलं नाही. सिडकोतल्या आमच्या गल्लीनं मग त्यांचं तेच नाव ठेवलं. दारावरच्या पाटीवर आडनाव होतं, ते उन्हानं पुसून गेलं होतं आणि कुणाला त्याची गरजही वाटत नव्हती.

त्यांच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती. ती मी भाड्यानं घेतली होती.

मी सातवीत शाळा सोडली. खरं म्हणजे मी सोडली नाही. शाळा जागेवर राहिली आणि आमची मेंढरं पुढं निघाली. आमचं गाव अजिंठ्याच्या घाटाखाली, फर्दापूरच्या अंगाला. पण गावात आम्ही असायचो पावसाळ्यापुरते. पुढं पाऊसच येईना, तशी दादा, म्हणजे माझे वडील, आणि आई मेंढरं घेऊन लांब लांब जायला लागले. लागोपाठच्या दुष्काळाची ती वर्षं. मी शहरात मावशीकडं राहून कॉम्प्युटरचा क्लास केला, ड्रॉइंग शिकले, नोकरीला लागले. घरी फोन केला की पहिला प्रश्न, ‘कुठं हायसा?’ दर वेळी निराळं गाव. माणसं म्हणतात घर लांब आहे. माझं घर लांब तर होतंच, वर ते चालत होतं.

नोकरी एका सर्वे करणाऱ्या सरांकडं होती. शहर तेव्हा फुलंब्रीच्या रस्त्याला नुसतं पसरत सुटलं होतं. काल ज्वारीचं रान होतं तिथं आज चुन्याच्या रेघा. त्या रेघा कॉम्प्युटरवर मी ओढायची. नऊ मीटरचा रस्ता, बाग, पाण्याची टाकी. कागदावर टाकी काढायची आणि आमच्या गल्लीत नळ सहाव्या दिवशी यायचा. सरांना मी सांगितलं होतं, दहावी झालीये. मार्कशीट गावाकडं आहे, आणते, आणते, असं करत वर्ष काढलं होतं. ऑफिसात कुणी नुसती हाक मारली तरी मला वाटायचं, आता विचारणार.

त्या उन्हाळ्यात सरांना गावोगावच्या तलावांतला गाळ काढायचं काम मिळालं. अकरा गावं, अकरा तलाव. सर दिवसभर रानात मोजणी करायचे आणि मी नकाशे काढायची. ऑफिसचा लॅपटॉप त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “मंगल, हा घरी ने. आठ दिवसांत अकरा ड्रॉइंग तहसिलात गेली पाहिजेत. नाही गेली तर ह्या गावांचं काम पावसाआधी सुरू होणार नाही. आणि ह्याला जप. मोजणीचे सगळे आकडे ह्याच्यातच आहेत.”

मी तो पोटाशी धरून सिटी बसनं आणला. खोलीत नेऊन, देवाला द्यावी तशी मानाची जागा दिली. धक्का नको, धूळ नको म्हणून दार लोटून घेतलं आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तलावाचा नकाशा मोठा करून बघत होते, तेवढ्यात पडदा काळा झाला. लाइट गेले म्हणावं तर डोक्यावरचा पंखा फिरतोय. दोन श्वास गेले असतील. पडदा परत आला आणि खाली कोपऱ्यात एक इंग्रजी चौकट उगवली. माझे हात गार पडले. मी ओके दाबलं.

हे ओके दाबणं म्हणजे माझी जुनी खोड. इंग्रजीत काही उगवलं की कुणी ‘काय लिहिलंय गं?’ विचारायच्या आत ते घालवायचं. वाचायचं नाहीच. क्लासमध्ये, ऑफिसात, सगळीकडं मी तसंच निभावून नेलं होतं.

त्या दिवशी पडदा चार वेळा गेला. पुढच्या दिवशी मोजायचं सोडून दिलं. लहानपणी रानात झोपलेलो असताना कुत्री एकाएकी गप झाली की दादा उठून बसायचे, कारण कुत्री भुंकतात तोवर भीती नाही, गप झाली की लांडगा जवळ आहे. लॅपटॉपचा आतला पंखा घरघरत घरघरत गप झाला की मला तसंच व्हायचं. मी अंग चोरून पडद्याकडं बघत बसायची. त्याच्याही पुढच्या दिवशी एक मोठी चौकट आली, तिच्यात हिरवा बाण होता. मला वाटलं हिरवं आहे, चांगलंच असेल. मी तिलाही हो म्हटलं. बराच वेळ काहीतरी उतरत राहिलं, लॅपटॉप आपणहून बंद झाला, चालू झाला, आणि नकाशा उघडल्याबरोबर सगळा पडदा निळा पडला. निळ्यावर पांढऱ्या ओळी. ओके दाबायला त्यात जागासुद्धा नव्हती.

मी जिना उतरून पळत खाली गेले. काकू अंगणात टँकरच्या पाण्याच्या बादल्या लावून उभ्या होत्या.

“काकू, लॅपटॉप मेला!”

“जळका वास येतोय?”

“नाय.”

“मग मेला नाही. ती बादली सरकव आधी, पाणी सांडतंय.”

“काकू, सर मला काढून टाकतील. मला दुसरीकडं कुणी घ्यायचं नाय. लई वाईट झालंय, सगळं निळं...”

“थांब. काय वाईट झालं ते सांगू नकोस. ते कुणालाच माहीत नसतं. खाली घेऊन ये तो, माझ्या टेबलावर ठेव, आणि काय दिसतंय तेवढं सांग.”

काकूंची काम करायची तऱ्हा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. टेबलावर लॅपटॉप, समोर मी, आणि काकू पडद्याकडं पाठ करून खुर्चीत वाती वळत बसलेल्या. मला वाटलं, बाई बघायलाही तयार नाही, हिला काय कळणार? त्या म्हणाल्या, “वर डावीकडून सुरू कर. एक अक्षर सोडायचं नाही.”

“इंग्रजी हाय, काकू.”

“असू दे. ए-बी-सी-डी येते ना? अक्षरं सांग.”

मी अक्षरं सांगायला लागले. त्या वाती वळता वळता ती जोडून शब्द म्हणायच्या आणि मी तो वहीत मराठीत लिहायचा. एकेक ओळ म्हणजे घाट चढल्यासारखी. मधेच मी एक शब्द गाळला, तर त्यांनी वात खाली ठेवली. “उडी मारलीस. वाक्य लंगडलं. मागं ये.” अर्धा तास गेला, पण वहीत सगळं उतरलं. आणि माझ्या ध्यानात आलं, की ह्या अर्ध्या तासात मी रडलेली नाही.

“आता पुन्हा चौकट आली तर?” मी विचारलं.

“तर घाबर. घाबरायला माझी ना नाही. पण ओके दाबू नकोस. आधी लिही, मग हात लाव.”

हे त्यांचं वाक्य नंतर मी किती वेळा ऐकलं! कुकरची शिट्टी अडकली, आधी लिही. नळाला हवा आली, आधी लिही. टेस्ट रूममध्ये फॉल्टची वही असायची, तीत वेळ लिहिल्याशिवाय कुणी तारेला हात लावायचा नाही, लावला तर काकू साहेबालासुद्धा बोलायच्या. मी पण वही घातली. किती वाजता पडदा गेला, मी तेव्हा काय करत होते, काय लिहून आलं. जुन्या चौकटी मी घालवल्या होत्या, त्या गेल्याच. पण लॅपटॉप पुन्हा चालू केल्यावर एक नवी आली आणि ती मी जागेवर बसून अक्षर अक्षर वाचली. डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडला होता आणि पुन्हा उठला होता, एवढाच तिचा अर्थ.

“ड्रायव्हर म्हणजे काय?” काकूंनी विचारलं.

मला वाटलं परीक्षा घेतात. पण त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी क्लासची वही काढून त्यातलं सांगितलं, की लॅपटॉपच्या आत चित्र काढणारा एक भाग असतो, त्याची भाषा निराळी, आपल्या कामाच्या प्रोग्रॅमची भाषा निराळी, आणि ह्याचं त्याला समजावून सांगणारा मधला असतो तो ड्रायव्हर.

काकूंचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे आमची ऑपरेटर की! दोन्हीकडचं ऐकणारी. इकडचा माणूस धडधाकट, तिकडचा धडधाकट, आणि मधली बाईच चक्कर येऊन पडतेय. ती का पडतेय ते बघायचं. आता लाइन अर्धी तोड.”

लाइन अर्धी तोडायची, ही त्यांची दुसरी शिकवण. फोन बंद असला की त्या सगळी तार तपासत नसत. मधोमध तोडून विचारायच्या, दोष ह्या अर्ध्यात का त्या अर्ध्यात? मग त्या अर्ध्याचं अर्धं. क्लासच्या वहीत मी लिहून ठेवलेलं होतं, अडचण आली तर चालू करताना एफ-आठ दाबून सेफ मोड. त्यात तो मधला ड्रायव्हर बाजूला ठेवून लॅपटॉप साध्या चित्रावर चालतो. तसा चालवला. अक्षरं थोराड, रंग भुरे, पण दुपारभर नकाशा उघडा ठेवला तरी पडदा एकदाही गेला नाही.

“तुझा लॅपटॉप जिवंत आहे,” काकू म्हणाल्या. “अर्धी लाइन साफ. आता त्या बाईचं नाव-गाव बघ. कधी आली कामावर?”

मी ड्रायव्हरची माहिती उघडली. अक्षरं लावत लावत बनवणाऱ्याचं नाव वाचलं. लॅपटॉपवर जे नाव होतं ते हे नव्हतं. आणि तो बसवल्याचा दिवस वहीतल्या निळ्या पडद्याचाच होता.

“काय गं? पुढं वाच.”

“काकू, एक हिरवा बाण आला हुता. म्या त्याला व्हय म्हनलं.”

“हं.” वात वळणं थांबलं नाही. “म्हणजे कुणीतरी परकी बाई आपणच खुर्चीवर बसवली.”

मला वाटलं, आता बोलणार. पण त्या म्हणाल्या, “लिही वहीत. बाणाला हो म्हटलं, असं लिही. लिहिलं की ती चूक राहत नाही, नोंद होते.”

खऱ्या ड्रायव्हरची सीडी सरांच्या कपाटात होती. ती मागायची म्हणजे लॅपटॉप बिघडल्याचं सांगायचं. काकू म्हणाल्या, “खरं सांग आणि माग.” मी सकाळी ऑफिसात गेले. सरांसमोर उभी राहिले आणि तोंडातून निघालं, “सर, ती सीडी पाहिजे हुती. प्रिंटरसाठी.” सरांनी न बघता दिली. परत येताना बसमध्ये ती सीडी ओढणीत धरून बसले होते, पण सुटल्यासारखं काही वाटत नव्हतं. काकूंना मी हे सांगितलं. त्या इतकंच म्हणाल्या, “मशीनला खरं सांगायला शिकलीस. माणसाचं राहिलं.”

परका ड्रायव्हर काढला, सीडीवरचा घातला. रंग परत आले. दुसऱ्या दिवशी काकूंच्या टेबलावर मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत काम केलं, तीन तलाव संपवले; आधीचे दोन धरून पाच झाले. पडदा हललासुद्धा नाही. आनंदानं मी काकूंच्या पाया पडले, लॅपटॉप उचलून वर नेला, त्याच्या मानाच्या जागी ठेवला आणि सकाळी उठून कामाला बसले.

तासाभरात पडदा काळा झाला.

ह्या वेळची भीती आधीच्यापेक्षा वाईट होती. आधी मला काही कळत नव्हतं, तेव्हा आशेला जागा होती. आता जे कळत होतं ते सगळं करून झालं होतं. सहा तलाव उरलेले, दोन दिवस उरलेले. पंखा एकदा जोरात ओरडला आणि गप झाला. हात लावला तर लॅपटॉपचं बूड चुलीवरच्या तव्यासारखं. मला वाटलं, आता आकडे गेले, सरांची सगळी मोजणी गेली, अकरा गावांचं पाणी माझ्या हातानं गेलं. पिशवी भरावी, फोन करून ‘कुठं हायसा’ विचारावं आणि तिकडची गाडी धरावी. पिशवी खरंच काढली होती. त्यात कपडे घालताना वही हाताला लागली. मी बसले आणि वेळ लिहिली. ती ओळ इतकी वाकडीतिकडी आली, की आजही वाचता येत नाही. मग खाली गेले.

“परत गेला, काकू.”

“बरं झालं.”

“काय बरं झालं?”

“एका लाइनीवर पुष्कळदा दोन फॉल्ट असतात. पहिला सापडला की लाइनमन खूश होऊन घरी जातो, दुसरा तिथंच बसून राहतो. तो आपणहून समोर आला, बरंच झालं. आता सांग, काल दिवसभर इथं चालला. आज वर बंद पडला. ऑफिसात कधी पडला होता?”

“कधीच नाय.”

“म्हणजे इथं चालतो, तिथं चालतो, तुझ्या खोलीत चालत नाही. तुझ्या खोलीत असं काय आहे, जे इथं नाही? वर डावीकडून सुरू कर.”

मी डोळे मिटून खोली सांगितली. पत्रा. दोरीवरचे कपडे. खिडकी, तिला पुठ्ठा. कॅलेंडर. माठ. स्टो. भिंतीला लॅपटॉप.

“लॅपटॉपच्या खाली?”

“काही नाय.”

“काही नाही असं जगात कुठं नसतं. लॅपटॉप हवेत तरंगतोय का?”

“खाली... नेहमीचंच, काकू.”

त्या उठल्या. गच्चीचा जिना त्या कधी चढायच्या नाहीत, गुडघ्यांमुळं असेल असं मला वाटायचं. त्या दिवशी भिंतीला हात लावत लावत चढल्या. शेवटच्या पायरीला चुकल्या, मी दंड धरला. खोलीत आल्या, चप्पल काढली, आणि दोन पावलं टाकल्यावर त्यांचा पाय थबकला. खाली वाकून त्यांनी हात फिरवला.

“हे काय आहे?”

“घोंगडी.”

“लॅपटॉप ह्याच्यावर चालवतेस?”

“मग कशावर? एवढी मोलाची वस्तू भुईवर ठिवायची व्हय?”

ती घोंगडी दादांनी दिलेली. आमच्याच मेंढरांची लोकर, काळी. आमच्यात देव बसवायचा तर घोंगडीवर, पाहुणा आला तर घोंगडी, मोठं काही घरात आलं की आधी घोंगडी अंथरून भंडारा उधळायचा. मी लॅपटॉप आणला त्या दिवशी तिची चौघडी करून अंथरली होती, वर चिमूटभर भंडारा टाकला होता आणि त्यावर तो ठेवला होता. ती मला दिसतच नव्हती. अंगावरची कातडी कुणी मोजतं का?

काकू मटकन घोंगडीवरच बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. “अगं, मे महिना चाललाय! पत्रा तापलाय! आणि तू त्याला घोंगडी दिलीस!”

त्यांनी कमरेच्या पिशवीतून नोकरीतला छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्या हातात दिला. “खालचं झाकण काढ. तूच काढ.” मी लॅपटॉप बंद केला, उलटा केला, एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवला. झाकण उचललं. पंख्याच्या तोंडाशी, जिथून वारा बाहेर जायचा, तिथं काळ्या लोकरीची दाबून घट्ट झालेली वळी बसली होती. भंडाऱ्यानं पिवळी झालेली. पंखा आतल्या आत कोंडून तापत होता, आणि तापला की काकूंची ती मधली बाई चक्कर येऊन पडत होती.

ती वळी बोटात धरून मी रडले. आजवर भीतीनं रडत होते, आता कशानं ते सांगता येत नाही. माझ्यापाशी होती त्यातली सगळ्यात चांगली वस्तू मी त्याच्याखाली अंथरली होती, आणि त्याच वस्तूनं त्याचा गळा धरला होता. त्यातच नवी भीती. घोंगडी काढून घ्यायची म्हणजे देवाच्या खालची काढल्यासारखं. मी तसं म्हटलंही.

काकू म्हणाल्या, “देव घोंगडीवर बसतो, कारण त्याला पंखा नसतो. ह्याला आहे. दोघांचा मान वेगळा.”

मी ब्रशनं पंखा साफ केला. स्क्रू लावताना एक हातातून सुटून काकूंच्या पायाशी पडला, अगदी समोर, उजेडात. “काकू, तेवढा द्या.” त्या जमिनीवर हात फिरवायला लागल्या. स्क्रूच्या डावीकडं, मग उजवीकडं. मी बघत राहिले. जिन्याची चुकलेली पायरी, पडद्याकडं केलेली पाठ, नुसत्या बोटांनी वळायच्या वाती, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं.

“काकू, तुमाला दिसत नाय?”

“कडेचं गेलंय. मधलं थोडं आहे, तेही धुरकट. काचबिंदू. डॉक्टर म्हणतात डोळ्यातल्या पाण्याचं प्रेशर वाढलंय.” त्या हसल्या. “अख्ख्या शहरात पाण्याला प्रेशर नाही, ते सगळं माझ्या डोळ्यात.”

“मग पयल्या दिवशी बोलला का नाय?”

“बोलले असते तर तू वाचायचं सोडून माझ्यासाठी रडत बसली असतीस. आणि तू तरी कुठं बोलली होतीस, वाचायची भीती वाटते म्हणून? दोघींनी झाकून ठेवलं होतं. लाइन लागली ना? झालं.”

सहाचे सहा तलाव मी त्यांच्या टेबलावर संपवले. पडदा एकदाही गेला नाही. शेवटच्या दिवशी ड्रॉइंग आणि सीडी घेऊन निघाले तेव्हा काकूंनी विचारलं, “वही घेतलीस?” मी घेतली नव्हती. त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या. मी परत वर जाऊन वही आणली.

सरांच्या टेबलावर मी लॅपटॉपच्या शेजारी ती वही ठेवली. मी म्हटलं, “सर, सीडी प्रिंटरसाठी नव्हती. सगळं ह्याच्यात लिवलंय. शेवटच्या पानावर आणखी एक हाय.” शेवटच्या पानावर मी बसमध्ये लिहिलं होतं, शिक्षण सातवी, मार्कशीट नाही.

सरांनी पहिल्यापासून वाचलं. पानं उलटण्याचा आवाज मला आजही येतो. घोंगडीपाशी ते थांबले, वर बघितलं. “थंडी वाजत होती का त्याला?” मग शेवटचं पान. ते मात्र त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं. मी दाराकडं बघत होते, किती पावलं आहेत ते. शेवटी ते म्हणाले, “माझ्याकडं इंजिनियर पोरं आहेत, पडदा गेला की मला फोन करतात, ‘सर, झालं काहीतरी.’ काहीतरी म्हणजे काय, एकाला सांगता येत नाही.” वही मिटून माझ्याकडं सरकवली. “ही ऑफिसातच ठेव. आणि सोमवारपासून दहावीचा बाहेरून फॉर्म भरायचं बघ. खोटं सांगितलंस ते मी विसरणार नाही. पण चल, कामाला लाग.”

त्या पावसाळ्यात, थोडाथोडका का होईना, तलावांत पाणी आलं. माझी दहावी झाली, दुसऱ्या खेपेला. पुढं ही गुजरातेतली नोकरी लागली. निघताना मी काकूंना म्हटलं, ही घोंगडी तुमच्याकडं राहू द्या, थंडीत होईल. त्यांनी ती मांडीवर घेतली, हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी एवढी वर्षं इथं राहिले, पण अजिंठ्याचा घाट नीट पाहायचं राहिलंच. जाऊ जाऊ म्हणता डोळे गेले. वर उभं राहिल्यावर काय दिसतं गं?”

“लई भारी दिसतं, काकू.”

“भारी म्हणजे काय? तसं नाही सांगायचं.”

मी सुरू करणार, तेवढ्यात बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न मारला. गाडीची वेळ झाली होती.

दर रविवारी मी फोन करते. त्या ‘टेस्ट!’ म्हणतात आणि माझी आठवड्याची भीती निम्मी होते. ती गेलेली नाही. अजून कामावर पडदा एवढासा लवलवला तरी हात गार पडतात. मी घाबरते, आणि लिहिते. उरलेलं मधलंही आता धूसर होत चाललंय, असं त्या मागच्या रविवारी म्हणाल्या, दूध नासलं म्हणावं तितक्या सहज.

काकू, तुमची फेड मी करणार आहे. पावसाळ्यात दादा मेंढरं घेऊन गावाकडं परततात, तेव्हा मी रजा काढून येईन. तुम्हाला घेऊन घाटात जाईन, कठड्याशी घोंगडी अंथरून बसवीन. तुम्ही पाठ करून बसलात तरी चालेल, वाती वळल्यात तरी चालेल. मी सगळं सांगीन. वर डावीकडून सुरू करीन आणि एकही गोष्ट सोडणार नाही.